ऱ्हिडवेनच्या फाटकाची कडी

रूळ उखडून नेले, खडी ट्रकांत भरून कुठल्या कुठे रस्त्यांवर पडली, फलाटावर काटेरी झुडपं माजली, तरी केनवेन पुग त्या जागी आली की थांबायची. हातातली पिशवी खाली ठेवायची, आधी डावीकडे बघायची, मग उजवीकडे, मग मान तिरकी करून जरा वेळ ऐकायची आणि मगच पुढे पाऊल टाकायची. तिथे उरलं होतं काय, तर फाटकाचे दोन लाकडी खांब आणि त्यांच्यामधून जाणारा रस्ता. दुकानात बायका तिची चेष्टा करायच्या.

"काय गं केनवेन, आज गाडी वेळेवर होती का?"

"तुझ्या नवऱ्यापेक्षा वेळेवर," असं म्हणून ती पीठ मागायची.

एकटी मोरविद ब्रीस तेवढी हसायची नाही. केनवेन का थांबते, ते दरीत तिलाच ठाऊक होतं.

आमच्या दरीत आडनावाचा काही उपयोग नसतो. निम्मे पुग, उरलेले बहुतेक जोन्स. माणूस ओळखला जातो तो कामावरून, नाहीतर शेतावरून. इदवल पुग रेल्वेत लागला तेव्हा तो इदवल स्टेशन झाला, आणि त्याच्याशी लग्न करून केनवेन आली ती केनवेन फाटक झाली. ऱ्हिडवेनचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक बाक, दोन कंदील आणि पाटीच्या दगडाचं छप्पर असलेलं एक घर. डोंगरातून पाटीचा दगड निघेल, मालगाड्या भरभरून जातील, या आशेवर कुणा जमीनदारांनी ही एकेरी लाइन घातली होती. दगड थोडाच निघाला. मग गाडीने दुधाचे कॅन नेले, कोकरं नेली, लाकूड नेलं, आणि वर्षातून एकदा चॅपलची माणसं समुद्रावर नेली. घराच्या अर्ध्या भागात ऑफिस आणि अर्ध्यात संसार. मध्ये एका विटेची भिंत. जमीन मात्र दोन्हीकडे सलग लाकडी फळ्यांची, भिंतीच्या खालून तशीच पलीकडे गेलेली. या फळ्यांवर पुढे तेरा वर्षं सगळा भार होता.

काम सोपं होतं. ऑफिसात एक घंटा होती. वरच्या स्टेशनवरून गाडी सुटली की तीन ठोके, खालच्या स्टेशनवरून सुटली की दोन. वरची गाडी नऊ मिनिटांत यायची, खालची सहा मिनिटांत. फाटक एरवी रस्त्यावर बंद असायचं. गाडीघोडं, गुरंमेंढरं आली की इदवलने घंटा झालेली नाही याची खात्री करायची, कडी काढायची, त्यांना पलीकडे घालवायचं आणि पुन्हा कडी लावायची. रोज ये-जा करणाऱ्या चार चार गाड्यांच्या वेळा दरीतल्या कोंबड्यांनाही पाठ होत्या. पण लाकडाची जादा गाडी किंवा नुसतं इंजिन कधीही यायचं, आणि ते येणार हे सांगणारी ती घंटाच.

१९५१च्या वसंतातली गोष्ट. केनवेन स्वयंपाकघरात पाव भट्टीत सरकवत होती. भिंतीपलीकडे तीन ठोके पडले. तिने ऐकून सोडून दिले, ते काम इदवलचं. एवढ्यात बाहेर गुरांच्या डॉक्टरची मोटार फाटकाशी येऊन थांबली. खिडकीतून तिने पाहिलं, इदवल ऑफिसातून शांतपणे बाहेर पडला, डॉक्टरला हात केला आणि फाटकाकडे चालू लागला. कडी काढायला.

हाताला पीठ तसंच लागलेलं. ती धावत गेली आणि तिने त्याची बाही धरली.

"अरे, घंटा झाली ना!"

त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. ओठांकडे पाहिलं.

"कधी?" त्याने विचारलं.

गेल्या हिवाळ्यापासूनच्या सगळ्या गोष्टी तिला एकदम आठवल्या. मागून हाक मारली की तो वळायचा नाही, तिला वाटायचं रुसलाय. रेडिओ लावला की बटण पिळतच बसायचा. चौदाव्या वर्षी खाणीत सुरुंगाने त्याचा डावा कान गेला होता, ते सगळ्यांना माहीत होतं. उजवा काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या बर्फाच्या हिवाळ्यात आलेल्या तापापासून हळूहळू जात होता, ते फक्त त्याला माहीत होतं.

गाडी धडधडत गेली. डॉक्टरने मोटारीतून टोपी हलवली. संध्याकाळी दोघं टेबलाशी बसली.

"मी वर कळवतो," इदवल म्हणाला.

"आणि मग?"

"मग काय. दुसरा माणूस येईल."

"आणि आपण कुठे जायचं? घर रेल्वेचं आहे. ही खुर्चीसुद्धा रेल्वेची आहे." तिने खुर्चीच्या पाठीवरचा छाप बोटाने दाखवला. तिचे आईबाप कुणाच्या तरी शेतावर गडी होते, दर नोव्हेंबरला बोचकं घेऊन नवं दार शोधणारे. त्या बोचक्यांची तिला जन्माची धास्ती होती. "घंटा मला ऐकू येते. भिंत एका विटेची आहे. मी ऐकेन."

तेव्हापासून केनवेन ऐकू लागली.

घंटा झाली की ती चुलीचा गज उचलायची आणि जमिनीवर तितकेच ठोके द्यायची, तीन नाहीतर दोन. पलीकडे इदवलला ते तळपायांनी कळायचे. तो फलाटावर असला तर ती खिडकीचा पडदा एका बाजूला सारायची. दिसायला अगदी साधं. पण सोमवार ते शनिवार, सकाळच्या पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत, बाई त्या घंटेच्या टापूबाहेर गेली नाही. बाजाराचा गुरुवार सुटला. माहेर सुटलं. धाकट्या बहिणीला मातीत ठेवलं तो मंगळवार होता, तेव्हा ही इथे खिडकीशी उभी राहून पडदा धरून रडली. चॅपलमध्ये बुधवारी संध्याकाळी बैठक असायची. तिथे प्रवचन नसतं, ज्याला वाटेल त्याने उभं राहून आपल्या मनातलं चारचौघांत सांगायचं असतं. तीही सुटली. रविवारी आमच्याकडे गाडी नसायची. त्या एका दिवशी केनवेन चॅपलच्या बाकावर टेकायची आणि पहिलं स्तोत्र संपायच्या आत झोपायची.

लोक काय म्हणतात ते तिच्या कानावर यायचंच. कान तर तिचे फार तिखट झाले होते.

"नवऱ्याला तोंड उघडू देत नाही बया."

"इदवलला काही विचार, उत्तर हीच देते. बिचारा नुसता हसतो."

इदवल मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे सगळं खपून गेलं. तो शहाणा, सोशिक माणूस ठरला आणि ती भांडकुदळ. तिने ठरू दिलं. वेडीवाकडी बाई म्हणवून घेणं परवडत होतं. दर पाच वर्षांनी रेल्वेचा डॉक्टर तपासायचा, त्याच्यापुढेही इदवल निभावला. रंगीत लोकरीचे गुंडे बरोबर ओळखले, आणि डॉक्टरने मागे उभं राहून कानाशी घड्याळ धरलं तेव्हा समोरच्या कपाटाच्या काचेत त्याचा हात वर गेलेला बघून म्हणाला, "हो, ऐकू येतंय." हे सांगताना इदवलला हसू आलं. केनवेनला आलं नाही. रात्री अंथरुणावर तिला वाटायचं, आपण दोघांनी मिळून एक माणूस केलाय, पण अर्धा माणूस कधी शिंकला, कधी संडासाला गेला, तर?

ते झालं ते १९५७च्या ऑक्टोबरात. मोठी घोंगडी घरातल्या पिंपात मावत नाहीत, ती ओढ्यावर धुवावी लागतात. तीन आठवडे ती ढकलत होती. त्या दिवशी ऊन पडलं.

"जा की," इदवल म्हणाला. "अकरा चाळीसपर्यंत काही नाही. कालच विचारलंय गार्डला."

"नक्की?"

"आता कागदावर लिहून देऊ का?"

ती गेली. ओढा हाकेच्या अंतरावर. पण वारा दरीतून वर वाहत होता, तिच्याकडून घराकडे. घोंगडी पायांनी तुडवताना तिने दोनदा थांबून कान दिला. पाणी, वारा आणि कावळे. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिला शिट्टी ऐकू आली. खिंडीतली. खिंडीत इंजिन शिट्टी देतं तेव्हा फाटक दोन मिनिटांवर असतं.

ती अनवाणी धावली. धावताना तिला चढावरून सगळं एखाद्या चित्रासारखं दिसलं. फाटक सताड उघडं. केव्हन-कोख शेतावरच्या मोरविद ब्रीसच्या मेंढ्या, साठ एक असतील, डोंगरावरून हिवाळ्यासाठी खाली चाललेल्या, निम्म्या रुळांच्या अलीकडे, निम्म्या पलीकडे. मोरविद मधोमध, हातात काठी, मागे राहिलेल्यांना ओरडत. मेंढ्यांच्या ओरडण्यात तिला शिट्टी कुठली ऐकू येणार. आणि कडीशी इदवल, गाडी येईल त्या बाजूला पाठ करून, टोपी मागे सारून, मेंढ्या मोजत असल्यासारखा उभा. केनवेन ओरडली. तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार होता?

लाकडाची जादा गाडी होती ती. ड्रायव्हरने ब्रेक दाबले, चाकांनी रुळांवर किंकाळी फोडली. अकरा मेंढ्या गेल्या. मोरविदची कुत्री नेल त्यांना हाकलायला आत घुसली, तीही गेली. मोरविद बाजूला फेकली गेली ती खडीवर डोकं आपटून पडली, आणि तिच्या कपाळावरून आलेलं रक्त लोकरीवर सांडलं. ती मेली असंच केनवेनला वाटलं. इदवल तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

ड्रायव्हर टुडुर खाली उडी मारून आला. पांढराफटक पडला होता, म्हणून ओरडत होता.

"फाटक कुणी उघडलं? घंटा दिली नव्हती का वरून? इदवल! कुणी उघडलं?"

इदवल त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. आता तो सांगणार. केनवेनला ते त्याच्या खांद्यांवरून कळलं.

"हिनेच," ती म्हणाली. दम लागलेला होता. "हिनेच उघडलं. नेहमी उघडते. इदवल आत होता, आम्ही दोघंही आत होतो."

टुडुरला पटलं. दरीत कुणालाही पटलं असतं. मोरविद घाईची बाई, थांबणं तिला माहीत नाही. इदवल पार्सलं लिहीत असला की ती आपणच कडी काढून जाते, हे तिनेच दहा वेळा हसत सांगितलं होतं. फक्त त्या दिवशी तिने काढली नव्हती.

मोरविद तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. ती सगळी सकाळ तिच्या डोक्यातून पुसून गेली होती. डोंगरावरून निघाल्याचं आठवत होतं, फाटक आठवत नव्हतं. लोकांनी सांगितलं, तिने मानलं. चौकशीला आलेल्या साहेबापुढे डोक्याला पट्टी बांधून ती उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी. इदवल पुगला बोल लावू नका." त्यानंतर फाटकावर एक पाटी आली, पांढऱ्यावर काळी अक्षरं: फाटक कर्मचाऱ्यांशिवाय कुणी उघडू नये. गावाने तिला लगेच मोरविदची पाटी म्हणायला सुरुवात केली.

"आपण हे काय केलं?" त्या रात्री इदवल म्हणाला.

"तू काही केलं नाहीस. मी केलं," केनवेन म्हणाली. ती ओली घोंगडी ओढ्यातच राहिली होती. पुढच्या पुरात वाहून गेली, आणायला ती गेली नाही.

पुढे भीती दुप्पट झाली. घंटेची होतीच. आता मोरविदचीही होती. एखाद्या दिवशी तिला आठवलं तर? डोक्याला मार लागलेल्यांना वर्षांनी आठवतं म्हणे. मोरविद फाटकाशी आली की केनवेन तिच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि मोरविद खाली मान घालून इदवलने कडी काढायची वाट बघत उभी राहायची. ती घाईची बाई, दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून.

१९६३मध्ये बंद करायच्या लाइनींची यादी आली. आमची तिच्यात होती. दरीत जणू कुणी मेलं. केनवेनने ती बातमी फाटकाशी आलेल्या पोस्टातल्या बाईकडून ऐकली आणि आत येऊन चुलीशी बसली. किती तरी वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, यातून सुटका आहे. गाडीच नसेल तर कुणी मरणार नाही. आणि रेल्वेने असंही कळवलं होतं की ज्यांची नोंद चांगली आहे अशा नोकरांना त्याच घरात भाड्याने राहता येईल. नोंद चांगली. ते दोन शब्द ती जपासारखे म्हणत राहिली.

आठवड्याभरात दार वाजलं. मोरविद आली होती, हातात कागदांचा जुडगा.

"ये," केनवेन म्हणाली. "चहा टाकते."

"चहा नंतर. आधी सही." मोरविदने कागद टेबलावर पसरला. "विनंतीअर्ज आहे. लाइन बंद करू नका म्हणून. पहिलं नाव तुमचं हवं. बाकी दरी मागे येईल."

केनवेनने किटली उचलली आणि तशीच धरून उभी राहिली.

"मी सही करणार नाही."

"म्हणजे?"

"नाही करणार."

"अगं, तुझ्याच चुलीवर पाणी ओततायत ते! बस नाही, मोटार नाही, पाच मैल चालत जायचं दूध घेऊन? तुला काय, सोन्याचं अंडं मिळणार आहे का लाइन बंद झाली की?"

"इदवल दमलाय."

"इदवल दमलाय! त्याला विचारलंस का? की तेही तूच ठरवलंस?" मोरविदचा आवाज चढला, मग एकदम उतरला. ती खुर्चीवर बसली. "केनवेन, ऐक. लोक म्हणतात, या फाटकावर अपघात झाला म्हणून आपली लाइन यादीत गेली. खरं की खोटं देव जाणे. पण ते माझ्यामुळे, कळतंय का? मी कडी काढली म्हणून. मी हे कागद घेऊन पावसात दारोदार फिरतेय ते काय हौसेने? मला हे निस्तरायचंय. तुझी सही नसेल तर माझ्या कागदाला काय अर्थ?"

तो क्षण होता. तोंड उघडलं असतं तर तीन शब्दांत संपलं असतं. केनवेनच्या हातातली किटली जड झाली. भिंतीपलीकडे घंटा झाली. दोन ठोके. तिने किटली ठेवली, गज उचलला आणि जमिनीवर दोनदा आपटला.

"हे काय?" मोरविद म्हणाली.

"उंदीर," केनवेन म्हणाली.

मोरविदने कागद गोळा केले. दाराशी वळून म्हणाली, "माझ्या मेंढ्या मेल्या तेव्हा तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस, असं टुडुरने सांगितलं. तेव्हापासून मी तुला चांगली समजत होते."

दोनशे अकरा सह्या झाल्या. स्टेशनात राहणाऱ्या बाईची नव्हती. इदवलचीही नव्हती. दुकानात केनवेनला पीठ मिळायचं, पण कुणी बोलायचं नाही.

तरी लाइन बंद झालीच. १९६४च्या जूनमधला एक शनिवार, भर दुपार. शेवटच्या गाडीला सगळी दरी लोटली होती, म्हातारी माणसं खुर्च्यांवर, चॅपलचे गायक काळ्या कोटांत. वरून रेल्वेचे साहेब आले होते, घराचे कागद सोमवारी करायचे म्हणून गावातच उतरले होते. केनवेन खिडकीशी. शेवटचे तीन ठोके. तिने शेवटचा पडदा सारला. इदवलने मान हलवली. आता फक्त नऊ मिनिटं, मग काही नाही.

रूळ दुरुस्त करणाऱ्या गड्यांनी कुणाला न सांगता एक गोष्ट केली होती. धुक्यात ड्रायव्हरला सावध करायला रुळांवर फटाक्याच्या डब्या लावतात, तशा बारा डब्या त्यांनी फाटकापाशी ओळीने लावून ठेवल्या होत्या, गाडीला सलामी म्हणून. इंजिन पहिल्या डबीवर आलं आणि तोफ सुटावी तसा आवाज झाला. मग दुसरा, तिसरा. डोंगर कोसळतोय असं वाटलं. बाळं किंचाळली, घोडं उधळलं, गायकांनी कान झाकले, माणसं एकमेकांच्या अंगावर पडली.

इदवल फाटकाशी होता, गाडीकडे पाठ, गड्यांनी अर्धवट लोटलेली कडी बोटांनी नीट बसवत. हलला नाही. मान वळवली नाही. पापणीही नाही. सातव्या आवाजालाही तो त्या कडीतला गंज नखाने खरवडत होता.

साहेब! तिने फलाटाकडे पाहिलं. साहेब दोन्ही कानांत बोटं घालून वाकले होते, टोपी पडली होती, ते टोपी शोधत होते. त्यांनी पाहिलं नव्हतं. तिने श्वास सोडला आणि मग तिला मोरविद दिसली.

मोरविद फाटकाच्या पलीकडे, इदवलपासून हातभर अंतरावर, त्याच्या समोर उभी होती. स्वतः दचकून मागे सरलेली, हात छातीवर. ती इदवलच्या चेहऱ्याकडे बघत होती. शेवटचा आवाज झाला. मोरविदने हळूच हात वर केला आणि त्याच्या कानाशेजारी बोटं वाजवली. काही नाही. मग तिने मान वळवली आणि थेट खिडकीकडे पाहिलं.

त्या रविवारी केनवेन चॅपलमध्ये पहिल्यांदा झोपली नाही. मोरविद दोन बाक पुढे बसली होती. साहेबही आले होते. प्रवचनानंतर अंगणात मोरविद आणि साहेब बोलत उभे होते, बराच वेळ. साहेबांनी दोनदा स्टेशनच्या दिशेला बोट केलं.

"चल," केनवेन इदवलला म्हणाली.

"काय झालं?" तो तिच्या ओठांवर वाचत म्हणाला. "गाडी तर संपली."

सोमवारी सकाळी साहेब आले ते एकटे नव्हते.

"भाड्याच्या कागदावर शेजाऱ्याची साक्ष लागते," ते म्हणाले. "ब्रीसबाईंना विचारलं, त्या लगेच तयार झाल्या. बसू का?"

मोरविद बसली नाही. साहेबांनी कागद काढले. इदवल खिडकीशी, बाहेर रिकाम्या रुळांकडे बघत पाइप भरत होता, या सगळ्यांकडे पाठ करून.

"पुग, तुम्ही इथे एकूण किती वर्षं होतात?" साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं.

इदवल पाइप भरत राहिला.

"सव्वीस—" केनवेन म्हणाली.

"बाई, त्यांना बोलू द्या ना," साहेब हसून म्हणाले. "गावात ऐकलंय मी तुमच्याबद्दल. हं, पुग?"

खोलीत घड्याळाचा आवाज. साहेबांनी मान वर केली. इदवलच्या पाठीकडे बघून त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली. केनवेनला गज उचलायचा होता, पण गज चुलीशी होता आणि चूल चार पावलांवर. ती उठली असती तर सगळं दिसलं असतं, नसती उठली तरी.

मोरविद चालू लागली. टेबलाला वळसा घालून ती खिडकीशी गेली, इदवलच्या अगदी समोर उभी राहिली, आणि नेहमीच्या आवाजात, फक्त प्रत्येक शब्दाला तोंड नीट उघडून म्हणाली, "इदवल, उन्हात तंद्री लागली का रे? साहेब विचारतायत, किती वर्षं झाली तुला इथे."

इदवलने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो वळला.

"सव्वीस, साहेब," तो म्हणाला. "पुढच्या ऑगस्टात."

मोरविदने सही केली. साहेबांनी शाई टिपली, चहा नको म्हणाले आणि गेले. केनवेन दारापर्यंत मोरविदच्या मागे गेली.

"मोरविद, मी—"

"अकरा मेंढ्या," मोरविद म्हणाली. "आणि नेल. सात वर्षं मी माझ्या हातांकडे बघतेय, केनवेन. कडी काढली ती डाव्या हाताने की उजव्या, तेवढं तरी आठवावं म्हणून. भाकरी थापताना बघते, गाय पिळताना बघते. मला वाटायचं, माझं डोकं गेलंय."

"मग सही का केलीस?"

"त्याच्यासाठी. त्याला बाहेर काढून मला काय मिळणार होतं? तुझ्यासाठी नाही केली." तिने शालीचं टोक खोचलं. "तू सांगशील. तो आहे तोवर नको. पण मी मरायच्या आधी सांग. आणि या स्वयंपाकघरात नको, सगळ्यांसमोर."

त्यानंतर मोरविद त्या घरात कधी आली नाही. पण रस्त्यात इदवल भेटला की ती वळसा घालून त्याच्या समोर येऊन मगच बोलायची. ते बघून लोकांना वाटायचं, म्हातारपणी बाईला शिष्टाचार सुचला.

रूळ काढले, फाटक काढलं. पाटी केनवेननेच चाकूने स्क्रू फिरवून उतरवली आणि कोळशाच्या खोलीत उलटी ठेवली. आता भीती एकच उरली होती, त्या बुधवारच्या बैठकीची. दर बुधवारी ती म्हणायची, इदवल आहे अजून. असं म्हणताना तिला स्वतःचीच किळस यायची, कारण त्याच्या जगण्याचा ती आता पडद्यासारखा आडोसा घेत होती.

इदवल १९७१च्या मार्चमध्ये गेला, झोपेत. त्याला मातीत ठेवल्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी केनवेन वीस वर्षांनी बैठकीला गेली. दिवस मोठे व्हायला लागले होते, खिडक्यांत अजून उजेड होता. फाटकाच्या जागी ती थांबली, दोन्हीकडे बघितलं, ऐकलं, मग पुढे गेली. आत तीसेक माणसं होती. काखेत तिने कापडात गुंडाळून ती पाटी आणली होती.

धर्मोपदेशकांनी विचारलं, आज कुणाला काही सांगायचंय का. केनवेन उभी राहिली. पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली. तिला वाटलं होतं तोंडातून शब्द निघणार नाही, पण निघाला, अगदी बारीक आवाजात.

"त्या दिवशी फाटक मोरविदने उघडलं नव्हतं," ती म्हणाली. "इदवलने उघडलं. त्याला घंटा ऐकू येत नव्हती. मला येत होती, आणि मी ओढ्यावर होते. मोरविदचं नाव मी घेतलं."

एका म्हाताऱ्याने खोकला दाबला. केनवेन खाली बसणार एवढ्यात मागच्या बाकावरून मोरविदचा आवाज आला, काठी जमिनीवर टेकवत.

"मोठ्याने बोल, केनवेन. इथे मागे ऐकू आलं नाही."

केनवेनने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. मग सरळ उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्या शब्दापासून सगळं पुन्हा सांगितलं.